सिप्रूला काय म्हणावं

एकतीस वर्षं डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवलं,
समानार्थी शब्दांचे तक्ते भिंतीवर लावले,
पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय,
आणि आता एकसष्टाव्या वर्षी
दिवाडीच्या फेरीबोटीत कुणी विचारलं,
"हे तुमचे कोण?"
की मी पर्समध्ये सुट्टे पैसे शोधते.
पायी चढणाऱ्याला फेरीत पैसे लागत नाहीत
हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आईला सोपं होतं. ती म्हणायची "हे",
आणि हनुवटी पडवीकडे वळवायची.
वडिलांचं नाव नारायण, म्हणून
सत्यनारायणालाही ती "सत्य-ह्यांची पूजा" म्हणे,
आणि कुणी हसलं तर डोळे वटारी.
माझ्या "हे"ना जाऊन सतरा वर्षं झाली.
तो शब्द मी कपाटात ठेवलाय,
त्यांच्या चष्म्याच्या घराशेजारी.
दुसऱ्या कुणाला बसायचा नाही.

प्रियकर म्हणावं, तर तो पेपरात
फक्त खुनाच्या बातमीत भेटतो,
"प्रियकराच्या मदतीने" अमुक केलं, तमुक पुरलं.
सिप्रूला कोंबडीसुद्धा कापवत नाही.
तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो
आणि सुटे बोल्ट माझ्या चहाच्या बशीत ठेवतो.

सहचर म्हटलं की मागून शाल-श्रीफळ येतं.
जोडीदार बॅडमिंटनचा.
यजमान, हे खरं तर बरोबर,
घर त्याचं, मी दोन ट्रंका घेऊन आलेली,
पण तो शब्द उच्चारताना
हातात हळदीकुंकवाची वाटी हवी असं वाटतं.
पर्वरीची भाची म्हणते, "मावशी, पार्टनर म्हण ना!"
जणू आमचा दोघांचा चिऱ्यांचा धंदा आहे.
बॉयफ्रेंड म्हणून पाहिलं, एकदाच, आरशासमोर.
आतून सिप्रू खोकला.

शेजारची एस्पेरांसा सरळ "घोव" म्हणते.
अगं, लग्न कुठे झालंय आमचं?
"मागीर कितें? भांडटात न्ही?"

डिचोलीच्या मैत्रिणी "मित्र" म्हणतात.
म्हणजे असं: "हिचे... मित्र."
त्या तीन टिंबांत
अख्खं गाव मावतं, देवळाच्या पायरीसकट.

मग ती रात्र. कार्तिक संपत आलेला,
नार्व्याच्या धक्क्यावरून शेवटची फेरी सुटत होती,
सिप्रू कुणाचं तरी इंजिन बघत मागे राहिलेला.
साखळी कुरकुरली, फळी वर जाऊ लागली.
हाक मारायची तर काय म्हणून मारायची
हे ठरवण्यात माझं तोंड नुसतंच उघडं,
तोवर फेरीवरचा पोरगा,
ज्याचं नावही मला माहीत नाही,
वर केबिनकडे बघून ओरडला,
"राव रे! बायेचो मनीस येवंक ना!"

मनीस.
फळी पुन्हा खाली आली.
सिप्रू धापा टाकत चढला, शर्टाला ग्रीस,
आणि कुणीही वळून पाहिलं नाही.

घरी येऊन मी व्याकरण काढलं, सवयच ती.
माणूस. नाम, पुल्लिंगी.
तो माणूस: रस्त्यावरचा, बँकेतला, मतदारयादीतला.
पण जीव लागला की भाषा त्याचं लिंगच बदलते.
माझं माणूस. ते माणूस.
मूल, पाखरू, वासरू
यांच्या पंगतीला नेऊन बसवते त्याला.
एकतीस वर्षं हे मी फळ्यावर लिहीत आले,
अपवाद म्हणून.

सिप्रूला सगळं सांगितलं, उदाहरणांसकट.
तो कार्बोरेटर पुसत होता.
बराच वेळ पुसत राहिला.
पहिल्या दिवसापासून तो मला "टीचर" म्हणतो,
भांडतानाही, झोपेतही.
"टीचर," म्हणाला, "पाव हाडले?"
"हाडले."
"कितले?"
"चार. एक करपला, तो तुजो."